चंबू

दर जूनला आमचं चंबूगबाळं उचलायचं.
नीटच्या क्लासची पोरं यायची देगलूरहून, भूमहून,
आणि मालकाला त्याच खोलीत चार खाटा दिसायच्या
जिथं आम्ही दोघंच झोपायचो.
अकरा वर्षं, सात खोल्या.
ज्यांच्यापायी उठायचो त्याच पोरांना
दोन वेळचे डबे घालून पैसा साठवला.
हे एकदा मन्मथला बोलून दाखवलं.
तो पावतीपुस्तकात कार्बन घालत राहिला.

प्रत्येक खोलीत पहिल्या रात्री
तो फळीवर चंबू पालथा घालायचा,
त्याच्या बुडावर स्टीलचा ग्लास.
जमीन हलली तर आधी तो बोलेल.
'त्या पहाटे घरात असं काही ठेवलेलं नव्हतं,'
एवढंच म्हणतो कधी. पुढचं म्हणत नाही.

रिंगरोडच्या पलीकडं घर बघायला गेलो.
बिल्डरचा माणूस फरशी दाखवत होता.
मी विचारलं, बोर किती फूट?
सातशे, म्हणाला, आणि टँकरला रस्ता रुंद आहे वहिनी.
मन्मथ कॉलमभोवती फिरत होता,
बैल घेणाऱ्यानं फिरावं तसा.
सळई किती एमएमची, रिंग किती इंचावर,
पाणी किती दिवस मारलं.
मग तळहात टेकवून थांबला.
'साहेब इंजिनियर आहेत का?'
नाही, मी म्हणाले, सास्तूरचे आहेत.
माणूस गप्प झाला.
जाताना दहा हजार त्यानं आपणहून कमी केले.

रजिस्ट्री ऑफिसात सर्व्हर बंद. दोन वाजले.
फोटोला हसले तर बाई म्हणाली,
हसू नका, आधारशी तोंड जुळत नाही.
अंगठाही जुळेना. भाकरी थापून
रेषा पुसून गेलेल्या. साबण लावला, रुमाल लावला,
सगळी बोटं टेकवून झाली.
शेवटी डावी करंगळी चालली.
वीस वर्षांचं कर्ज, एका करंगळीवर.

उन्हाळ्यातच राहायला गेलो, जूनची वाट न बघता.
दूध उतू घातलं. भांडी पोत्यातच राहिली.
रात्री त्यानं चंबू हुडकून काढला.
'आता आपलंच घर आहे की,' मी म्हणाले.
'म्हनूनच,' तो म्हणाला.

पहाटे ग्लास पडला.

मी उठेपर्यंत दार उघडलेलं होतं.
तो अंगणात, काखेत खरेदीखताची फाइल.
माझ्या हातात दुधाचं भगुलं,
कधी उचललं ते आठवत नाही.
अनवाणी, खडीवर, श्वास धरून उभे.
समोर टँकर रिव्हर्स घेत होता.
'येऊ द्या, येऊ द्या, आनखी,' कुणीतरी ओरडत होतं,
सगळा रस्ता थरथरत होता त्याच्या वजनानं.

आधी मी हसले. मग तो. मग दोघांनाही थांबता येईना.
पाठमोरं वळलो तर घर दिसलं,
रात्रीचं, बाहेरून, पहिल्यांदाच.
एवढुसं. दार सताड उघडं, आत लाइट.
कुणीतरी राहतं तिथं, असं वाटत होतं.

'नुसतं काय बघलालाव,' शेजारीण म्हणाली,
'भांडी आना, पाच मिनटं थांबतो तो.'
पोती दोरीनं शिवलेली.
पायरीवर उभ्या उभ्या दूध पिऊन टाकलं,
भगुलं विसळलं, पडलेला चंबू शोधला.
दोनच भांडी आणि चाळीस खेपा,
उजाडेपर्यंत बाथरूमची बादली
आणि नवा, कोरा सिंकसुद्धा भरला.

दुसऱ्या रात्री तो फळीकडं गेला.
चंबू ओट्यावर होता, काठोकाठ भरलेला.
पालथा घालायचा तर पाणी सांडावं लागलं असतं,
आणि मे महिन्यात लातुरात
पाणी कोण सांडतं?

ग्लास हातात धरून तो उभाच राहिला.
मी विचारलं, तहान लागली का?