चौथ्या गियरात मांजरसुंबा

एक्काहत्तरचं मॉडेल, सेकंडहँड,
माजलगावच्या एका कंत्राटदाराकडून घेतलेलं.
हिच्यावर मी एकतीस वर्षं तालुका फिरलो,
मागं बर्फाचा डबा, डब्यात घटसर्पाची लस,
आणि मांजरसुंब्याचा घाट दर वेळी दुसऱ्या गियरात.
कापसानं फुगलेले ट्रकसुद्धा
हॉर्न देऊन पुढं जायचे.

रिटायर झाल्यावर माणसं चारधाम करतात.
मी कोइमतूरहून कॅमशाफ्ट मागवले.

बार्शी नाक्यावर कैसर उस्तादनं पुडकं उघडलं.
तेलकट कागदात दोन कॅम, इनलेट, एक्झॉस्ट,
नाकं उंच, खांदे रुंद.
शेजारी जुने काढून ठेवले,
झिजून गुळगुळीत, म्हाताऱ्या बैलाच्या दातांसारखे.
दात पाहून वय सांगणं हे माझं काम होतं.
"साब, हे तर तुमच्याच बॅचचे," उस्ताद म्हणाला.

त्याला जवळचं दिसत नाही आता.
टायमिंग कव्हरच्या आत चार बोटं घातली, डोळे मिटले,
आणि मी ते तोंड ओळखलं.
रात्री दोन वाजता, कंदील धरायला घाबरलेलं पोर,
खांद्यापर्यंत हात गाईच्या आत,
वासराचा पाय पुढचा की मागचा,
मीही असाच बघायचो.

ठिपक्यासमोर ठिपका, रेषेसमोर रेष.
बसले एकदाचे.
"मारू किक?"
"थांबा. भाभींकडून कणीक आणा."
बायकोनं दिली. कशाला, ते विचारलं नाही,
जेवणाच्या ताटावर तिनं याहून वाईट ऐकलेलं आहे.
पिस्टनच्या डोक्यावर गोळा थापला,
हेड बसवलं, हातानं दोन फेरे दिले,
हेड पुन्हा काढलं.
व्हॉल्व्हनं कणीक आरपार कापली होती,
खाली उघडं ॲल्युमिनियम चमकत होतं.

किक मारली असती तर.

एक दात चुकला होता.
कारखान्यातच ठिपका शेजारच्या दातावर मारलेला.
उस्ताद शिवी देत नाही. बिडी विझवतो.
"इथं," म्हणाला, बोट ठेवून,
आणि मी त्याच्या नातीच्या नेलपेंटनं
लाल टिकली लावली.
दुसरी कणीक.
या वेळी ज्वारीच्या दाण्याइतकी जाडी उरली.

पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे,
वरखाली मात्र हलायला नको.
एवढं जमायला दिवेलागण झाली.

मग किक. जुना स्टेथोस्कोप कव्हरला टेकवला.
पूर्वीची ती सावकाश डुग, डुग,
दोन ठोक्यांत माणूस तंबाखू मळून घेईल अशी,
ती गेली.
आता तापातल्या वासरासारखी
उभ्या उभ्या थरथरते, अडखळते, धापते.
"वरचं पाहिजे तर खालचं द्यावं लागतं, साब."
काय दिलं ते घाटात कळलं.

पालीच्या पुढं, पहिल्या वळणावर, चौथा टाकला.
गाडीनं मान टाकली. झटके, खोकला,
मागून टेम्पोचा हॉर्न, ओळखीचा.
मुकाट तिसऱ्यात आलो, मूठ पिळली,
आणि खालून काहीतरी सुटलं,
दावं तोडून सुटावं तसं.
टेम्पो मागं. सिमेंटचा ट्रक मागं.
एका लग्नाच्या जीपमधली पोरं ओरडली, ती मागं.
मी एकटाच हसत होतो, चष्म्यावर चिलटं.

चौथ्यात नाही चढला मांजरसुंबा.
लिहून ठेवतो, कारण घरी वेगळंच सांगितलंय.

उतरताना पालीत चहाला थांबलो.
या गाडीचा आवाज शिवारात आला की
गोठ्यागोठ्यात दावी ताणायची,
सुईच्या आधी मी पोचायचो.
आज हॉटेलमागं एक म्हैस बांधलेली.
गाडी थडथडत उभी, आणि ती रवंथ करतेय.
कानसुद्धा हलवला नाही.
मी जवळ गेलो, गळ्याखाली खाजवलं.
तिनं खाजवू दिलं,
परक्या माणसाला देतात तसं.