चौथा दशांश

कूलर बंद करावा लागतो.
त्याच्या वाऱ्यानं तराजूचा चौथा दशांश थरथरतो.
ओव्हनमध्ये पासष्ट, बाहेर सेहेचाळीस;
पानांना फारसा फरक कळत नसावा.
खिडकीतून सेमिनरी हिल्स दिसते,
नागपूरनं डोंगर म्हणून मानून घेतलेली.

खरा डोंगर इथं टेबलावर आहे,
चिखलदऱ्याच्या उतारावरून उकरून आणलेल्या
नायलॉन जाळीच्या साठ पिशव्यांत.
प्रत्येकीत दहा ग्रॅम सागाचा पाला पुरला होता.
आता वाळवायचं, तोलायचं,
डोंगरानं वर्षभरात किती खाल्लं ते लिहायचं.

आई म्हणते, "पानं सडतेत हे सांगाले
चार वर्सं लागते का वं?"
पोफळी मॅडम काही म्हणत नाहीत.
फेलोशिप संपायच्या तारखेभोवती
पेन्सिलीनं गोल काढतात.

एकतीस नंबर उघडली.
उंदरानं कुरतडलेलं भोक
आणि त्यावर लाल दोऱ्याचे नऊ टाके.
जंगलू कासदेकर पावसाळाभर
एकटाच चढून प्लॉट बघून यायचा.
फोन केला तर म्हणाला,
"मॅडम, तुमचा पाला सांडून राहिला होता."

नियमानं ही पिशवी बाद.
तरी टाके उसवले, दोरा वेगळा तोलला:
शून्य पूर्णांक शून्य चार एक दोन.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं,
कुठल्याच पद्धतीत दिलेलं नाही.

हनुवटीवरून घाम तराजूवर पडला,
आकडा फुगला.
पुसलं, पुन्हा शून्यावर आणलं.
मग वैतागून कूलर लावला
तर दोरा उडाला,
आणि मी सगळी पानं सोडून
त्याच्यामागं टेबलाखाली शिरले.