वटाव

आठ टक्क्यांनी धरलं
तर शंभर वर्षांनंतरचं एक लाख दिरहमचं नुकसान
आज पंचेचाळीस दिरहम, शेहेचाळीस फिल्स.
डॉ. खुलूद पडद्यापासून बाजूला झाल्या
आणि वर्गाकडे नुसत्या बघत राहिल्या.
मागून कुणीतरी म्हणालं,
एवढ्यात जुबेलच्या बाजारात किलोभर सुरमई येते.
सगळे हसले. मीही.

उदाहरण आखाताचं होतं.
गोडं पाणी काढणारा एक प्रकल्प, काल्पनिक:
शंभर लिटर समुद्र आत,
चाळीस लिटर गोडं बाहेर,
उरलेले साठ जास्तच खारट होऊन परत.
त्या साठांना पुस्तकात नाव आहे, बाह्यता.
म्हणजे ताळेबंदाच्या कुंपणापलीकडचं,
जे कुणाच्याच नावावर पडत नाही.

आमच्या घरी ते बाबांच्या नावावर आहे.
संध्याकाळी सातची पाळी, तीन नंबरचा पंप,
सकाळी दाराबाहेर बूट
आणि शर्टाच्या कॉलरवर पांढरी रेघ.
घामाची की समुद्राची, आई विचारत नाही,
दोन्हीला एकच साबण.

आम्ही मूळचे उरणकडचे, मिठागरवाले.
आजोबा भरतीचं पाणी बांधाआड कोंडून
उन्हाच्या हवाली करायचे.
पाणी जाऊ द्यायचे, मीठ ठेवायचे.
बाबा मीठ जाऊ देतात, पाणी ठेवतात.
जमेचं खर्चात, खर्चाचं जमेत,
आणि वही तीच.

शुक्रवारी कोलंबी सोलताना मी त्यांना विचारलं,
उद्याचे शंभर रुपये आज किती?
ते म्हणाले, गरज कोणाला आहे त्यावर.
मग बराच वेळ नुसती सालं पडत राहिली.
मग म्हणाले, शेठ मीठ मोजायला यायचा ना,
तो आधी ओलाव्याचं कापायचा.
मीठ कोरडं ठणठणीत असलं तरी कापायचा.
वटाव म्हणायचे त्याला.
तुझं ते हेच का गो?

मी हो म्हणाले नाही. नाही म्हणाले नाही.

रीम माझ्या शेजारी बसते.
तिचे खापरपणजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
तिनं दोन टक्के लिहिले, न थांबता.
तेरा हजार आठशे तीन दिरहम.
तिचा समुद्र माझ्यापेक्षा महाग निघाला
आणि मला आधी राग आला, मग कळलं
ती इथंच असणार आहे.

आमचा व्हिसा दोन वर्षांचा.
सोफा घेतानाही आई विचारते, कितीशा दिवसांसाठी?
शंभर वर्षं म्हणजे पन्नास नूतनीकरणं,
पन्नास वेळा रक्त, पन्नास वेळा
थंड काचेला छाती टेकवून श्वास रोखणं.
मी इथं जन्मले. शारजात.
मला कितवं वर्ष धरायचं?

मिस घारात, तुमचा दर? डॉ. खुलूदनी विचारलं.
घरत, मॅडम. पण ते मी मनात म्हणाले.
मोठ्यानं म्हणाले, उद्या सांगते.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आमच्यात सांगतात.
हिशेब सोपा आहे, खाल्लेल्याचा.
पण जे कुणी खाल्लंच नाही,
रोज रात्री पाइपातून परत गेलं,
तळाशी, जिथं शेवाळ होतं म्हणतात,
त्या मिठाला कोणी जागायचं?
हे हरित रोख्यांच्या प्रकरणात नाही.
प्रश्नसंचातही नाही.

रात्री निबंधाचं शीट उघडं आहे.
घसारा भरला, बुडीत खर्च वगळला,
पंपाचं आयुष्य पंचवीस वर्षं धरलं.
फक्त एक चौकोन रिकामा,
त्यात कर्सर उघडझाप करतोय.

ओव्हरटाइम आहे, बाबा परत निघालेत.
दाराशी थांबून नळाखाली बाटली भरतात,
झाकण लावायच्या आधी एक घोट
जिभेवर धरून ठेवतात जरा,
काही राहून गेलंय का बघत.