गवत संपायच्या आधी

झेझकाझगानच्या उत्तरेला
सागिराच्या मेंढवाड्याची एक भिंत
रॉकेटच्या पत्र्याची आहे.
फेब्रुवारीत आभाळातून पडला,
दिरानं ट्रॅक्टरला बांधून ओढत आणला.
त्या वसंतात सात कोकरं दगावली.
इंधनानं की गारठ्यानं,
विचारायला कुणी आलंच नाही.

मी विचारलं, माणसानं
वर जाऊन राहावं का?
घोडीचं दूध घुसळत होती ती.
घुसळतच राहिली.

मग म्हणाली,
गवत संपल्यावर पळतात, त्याला मुक्काम हलवणं म्हणू नकोस.
मुळं शाबूत असताना उठायचं.
जमिनीवर रुसून नाही,
तिला जरा पाठ टेकू द्यायला.

तिथं गवत नाही, मी म्हणालो.

इथं तरी कुठं होतं?
मेंढ्या आल्या, लेंड्या पडल्या, मग हिरवं झालं.
जातील तेव्हा लेंड्याही न्या म्हणावं.

आमच्यात थोरल्याला त्याचा वाटा देतात,
चाळीस मेंढ्या, नवा तंबू,
आणि नीघ म्हणतात.
धाकटा चुलीपाशी राहतो.
थोरला हललाच नाही
तर एका हिवाळ्यात दोघंही जातात.
माझ्या आजोळी गेले.

हे शेवटचं ती दुधाकडे बघून बोलली.

रात्री क्षितिज पेटलं.
कुत्री गाडीखाली शिरली.
सागिरानं तंबूच्या माथ्यावरचा नमदा
दोरीनं ओढून बाजूला केला
आणि त्या गोल भोकातून
ते तांबडं टिंब विझेपर्यंत बघितलं.
शिवी दिली की आशीर्वाद, कळलं नाही;
ओठ हलले एवढं खरं.

बाहेर एक मेंढी
पत्र्यावरच्या आकड्यांना
पाठ घासत उभी होती.