कोरी छाती

मी ग्लेनिस. क्लबच्या दुकानात, मागच्या खोलीत
छपाईच्या यंत्रावर असते. एकोणीस वर्षं झाली.
दीडशे अंश, पंधरा सेकंद, वरून दाब.
पाठीवर नंबर, खेळाडूचं आडनाव,
आणि पुढे छातीभर त्या सट्टा कंपनीचं नाव.
ते इथे घेत नाही.
घेतलं तर तीही जाहिरातच, वर फुकटची.

मोठ्यांच्या जर्सीवर ते असतं.
मुलांच्या जर्सीवर नसतं, तसा नियम आहे.
म्हणून आमच्याकडे दोन ढीग.

गेल्या शनिवारी सामन्याआधी मॅडॉक आला,
आठ वर्षांचा, नाक वाहतंय,
काउंटरवर जर्सी पसरून म्हणाला,
"ही नकली आहे. खऱ्यावर लिहिलेलं असतं."
त्यानं घरीच स्केचपेनने लिहिलं होतं,
हिरवं, एक अक्षर उलटं,
खालचं घोषवाक्य मात्र अचूक.
धुण्यात शाई फुटली होती.
"मावशी, यंत्रात घालून पक्कं करून दे ना."

आमच्या या वेल्श गावाच्या नावात
दोन एल शेजारी शेजारी येतात.
मॅडॉक अजून त्यातला एक विसरतो.

मंगळवारी परिषदेत सभा झाली.
मैदानावर, बसथांब्यांवर, शाळेच्या रस्त्यावर
या जाहिराती बंद कराव्यात का?
प्रत्येकाला तीन मिनिटं.

अध्यक्ष ह्यू प्रॉसर आधी बोलले. माणूस वाईट नाही.
म्हणाले, दिव्यांचं बिल कोण भरतं? मुलींच्या संघाची बस?
खाण गेली तेव्हा आलं होतं का कुणी विचारायला?
म्हणाले, जाहिरात कुणाचा हात धरून
त्याच्याच खिशात घालत नाही.
मग माझ्याकडे बघून जरा थांबले.
मी मान हलवली. खरं आहे,
त्या नावाचं मीठ मीही खाल्लंय.

माझा भाऊ आयोर. त्याचाही हात कुणी धरला नव्हता.
सामना चालू असताना खिशात फोन थरथरायचा,
पुढचा कॉर्नर कोणाचा, बोल.
जिंकला की सगळ्यांना बिअर पाजायचा,
हरला की कुणाला कळायचं नाही.
वडिलांची सुतारकामाची पेटी गेली, मग गाडी,
गाडी गेली म्हणून बस.
मग सोडलं त्यानं. अकरा महिने.
एका गुरुवारी थांब्यावर उभा होता,
समोर काचेत दिवा, दिव्यात ती हिरवी अक्षरं:
परत या, पहिले वीस पौंड आमच्याकडून.
बस वीस मिनिटं उशिरा आली.
बस वेळेवर आली असती तर, असं आई अजून म्हणते.
बसवाल्यांना शिव्या घालते बिचारी.

मी कागदावर लिहून नेलं होतं, वाचलं नाही.
मॅडॉकची जर्सी टेबलावर ठेवली.
म्हटलं, पोरांच्या अंगावर हे नको,
एवढं तुम्हाला कळलं होतं ना?
म्हणजे हे काय आहे तेही कळलं होतं.
आमच्याकडे तेरा वर्षांचं माप संपलं
की पुढची जर्सी दुसऱ्या ढिगातून काढतो.
मधे फरक एका इंचाचा.
त्या इंचात काय होतं पोराचं,
ते मला सांगा, मी तसं छापीन.

माझी पन्नास सेकंदं उरली होती.
भिंतीवरचं घड्याळ मोजत राहिलं,
मी तशीच उभी.
कुणीतरी खोकलं.
निर्णय वसंतानंतर, असं ठरलं.

रात्री स्पिरिट घेऊन ती जर्सी चोळली.
अक्षरं गेली, डाग नाही गेला,
पानाची फिकट जाळी असावी तसा.
उद्या तो येईल आणि विचारेल,
आणि त्याला काय सांगायचं ते मला
अजून सुचलेलं नाही.

आज बुधवार. चाळीस जर्सी आल्यात, मोठ्या मापाच्या.
यंत्र तापतंय. एकशे तीस. एकशे बेचाळीस.
शिट्टी वाजली.
मी पहिली उलगडली, हातानं सुरकुत्या काढल्या,
आणि छातीवर बराच वेळ
तळवा तसाच ठेवला.