चिमणीची नाडी

मागल्या भिंतीला एकशे बारा खण.
त्यांवरची अक्षरं केव्हाच पुसली,
हात बरोबर जातो.
शेवंती वरच्या ओळीत, ती हलकी म्हणून;
शिंपले, हाडं, दगड तळाला;
आणि माझ्या छातीच्या उंचीवर
किरकिऱ्यांनी उन्हाळ्यात झाडावर टाकलेल्या काती,
बसलेल्या आवाजासाठी.

अकरा वर्षं मी इथे तोलते.
हाडाची दांडी, पितळी पारडं.
ज्येन वैद्य येणाऱ्याचं मनगट
छोट्या निळ्या उशीवर ठेवून घेतात
आणि तीन बोटं टेकवतात,
झोपलेल्या पोराला ताप आहे का बघावं तशी.
मग कुणी बोलायचं नाही.
चिआलिंग नदीवरच्या वाळूच्या होड्यासुद्धा
तेवढा वेळ लांबून गेल्यासारख्या वाटतात.

त्यांनी मला नाड्या शिकवल्या त्या अशा :
तरंगती, पाण्यावरचं लाकूड.
बुडालेली, दाबशील तेव्हाच भेटेल,
विहिरीच्या तळातला गोटा.
ताठ, वाद्याची पिळलेली तार,
राग गिळून बसलेल्या माणसांची.
निसरडी, ताटलीत मोती घरंगळावेत तशी;
बाईची असेल तर तिच्या कानात अभिनंदन कर.

आणि शेवटच्या दोन, दार लोटून घेऊन :
गळक्या छपराची. थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
थेंब.
चिमणीची. टिप टिप टिप दाणे टिपते,
थांबते, मान वर करते.
या बोटांनी ऐकायच्या, म्हणाले,
तोंडाने सांगायच्या नाहीत.
पुडी बांधून द्यायची.
ज्येष्ठमध थोडं जास्त घालायचं.

काल फळ्या लावताना
उशीवर त्यांनी स्वतःचा हात ठेवला.
"बघ."
ब्याऐंशी वर्षांचं मनगट,
वाळवलेल्या संत्र्याच्या सालीसारखं,
जी जितकी जुनी तितकी महाग विकतो आम्ही.
मी बोटं टेकवली.
टिप टिप टिप.
मग मान वर.

"काय?"
"निसरडी," मी म्हणाले.

ते इतके हसले की ठसका लागला.
"म्हणजे मला दिवस गेलेत म्हण की!
आणि बायको नाही ऐकायला."
चष्मा पुसला, डोळे पुसले, परत चष्मा.
"जीभ काढ."
काढली.
"शेंडा लाल. कडांवर दातांचे ठसे.
आ-ल्वान, किती रात्री झोपली नाहीस?"
आणि लिहून दिलं :
रानबोरांच्या बिया, भाजून, ठेचून;
कमळबीच्या पोटातला हिरवा कोंब, कडू.
सात पुड्या.
माझं औषध मीच तोललं. पारडं हललं
ते वाऱ्याने.

"भांडं आहे का काढ्याला?"
"नाही." हे दुसरं खोटं.
त्यांनी आपलं दिलं, बूड काळंकुट्ट झालेलं.
आमच्याकडे काढ्याचं भांडं परत नेऊन देत नाहीत,
त्याच्यासोबत दुखणं घरी जातं.
ज्याला लागेल तो मागायला येतो.
त्यांना हे माहीत आहे.
मला माहीत आहे हेही.

तीन वाट्यांची एक वाटी केली, प्यायले,
चोथा रिवाजाप्रमाणे भर रस्त्यात ओतला,
येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवत दुखणं दूर न्यावं म्हणून.
कुणाचं, ते मनात म्हटलं नाही.
झोप आली नाही. पहिल्याच पुडीने येत नसते.

उजाडताना बघितलं
तर चोथ्यावर एक चिमणी,
बोरांच्या बिया उचकत होती.
मधेच थांबली.
मान वर केली.

मी खिडकीची कड धरून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.

मग तिने परत चोच खाली नेली.