आठ भाग जुनं

अमळनेरला, धुळे रस्त्यावर,
बापूच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात
वार्निशच्या वासात लॅपटॉप उघडून
मी आवाज दिसेल असं पान बांधत होतो.
काळा कॅनव्हास, एक हजार चोवीस खांब,
खर्ज डावीकडे, चिरका उजवीकडे.

ब्राउझरने आधी माइकची परवानगी मागितली,
उंबऱ्याबाहेर चपला काढून उभं राहिल्यासारखी.
मी शीळ घातली, एक खांब उठला.
टाळी वाजवली, सगळे दचकले.
मागे ओट्यावर
मांडळच्या लोटन नानांची पाच हॉर्सपॉवर
फरशी हलवत फिरत होती
आणि पडद्यावर तिच्या नावाचं
गवतसुद्धा उगवत नव्हतं.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या.
बोलणाऱ्यांसाठी बनवलेली वस्तू ती,
एकसुरी जे जे ऐकू येईल
ते गोंगाट समजून आधीच गाळून टाकते.
तीस वर्षं ज्यावर आमची चूल पेटली
तो आवाज तिच्या लेखी केर होता.

एका ओळीत खऱ्याचं खोटं केलं
तेव्हा कुठे खरं दिसलं:
शंभरावर दीपमाळेसारखा खांब,
आणि त्याच्या बऱ्याच उजवीकडे
थरथरती, बारीक, एक काडी.

"बापू, बघ!"
बापूने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला
आणि मूठ कानाला लावली होती.
"बेरिंग गयं," म्हणाला,
पडद्याकडे न बघताच.

मग बघितलं. मोटार बंद केली,
हातोडी एकदा ऐरणीवर मारली.
"आवाज गया, तरी हाई काबर उभं शे?"
पापणीभर उशीर, तोही त्याने पकडला.
म्हटलं, दर क्षणी हे आठ भाग जुनं धरतं,
दोन भाग नवं,
नाहीतर डोळ्यांपुढे फार तडफडतं.
"म्हंजे खोटं दखाडस."

मी आकडा शून्य केला.
खांब हातोडीबरोबर उठले, हातोडीबरोबर मेले,
इतके खरे की बघवेना.

तो हसून नवं बेरिंग शोधायला फळीकडे वळला.
"बापू, ते खालच्या खोक्यात," मी म्हणालो.
खांब उठले.
पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.
पुन्हा उठले.
तो वरच्या फळीवरच चाचपत राहिला.

तेव्हा आठवलं,
मघाशी मूठ डाव्या कानाला होती.
माझ्या लहानपणी ती उजव्याला असायची.

आकडा परत होता तिथे नेला
आणि उठून
त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.